ढोरकी, जीन आणि वसतिगृह

मुलांना किती मोकळं सोडावं, हा प्रश्न आज अमरावतीच्या कॅम्प भागात किंवा अकोल्याच्या जठारपेठेत विचारला, तर उत्तरात रहदारी येते, मोबाइल येतो आणि ‘दिवस पूर्वीसारखे राहिले नाहीत’ हे वाक्य हमखास येतं. हे पूर्वीचे दिवस नेमके कोणते, याचा शोध घ्यावा म्हणून मी वऱ्हाडातल्या काही बालपणांकडे वळलो. ती बालपणं मोकळी होती खरी. पण त्यांना मोकळं कुणी ‘सोडलं’ होतं, असं मात्र फारसं दिसत नाही.

शेंडगावचा डेबूजी घ्या. जन्म 1876 चा. बाप दारूपायी लवकर गेला, तेव्हा पोरगा आठ वर्षांचा. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली आणि मामाच्या घरी डेबूजीच्या हाती गुरं आली. पुढे गाडगेबाबा म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेल्या या माणसाचं शिक्षण झालं ते रानात. ढोरकी पोराचा दिवस कसा असे, हे वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. सकाळी फडक्यात भाकर बांधून निघायचं, दिवस मावळताना परत यायचं. मधल्या वेळात नदी, साप, उन्हाचा चटका, चुकार गाय आणि दुसऱ्याच्या वावरात घुसलेलं ढोर, सगळ्याला तोंड एकट्यानं द्यायचं. आज आपण याला स्वातंत्र्य म्हणू. त्या घरात ती पोटाची सोय होती. मात्र एक गोष्ट विसरू नये. ढोर परक्या वावरात शिरलं की त्या वावराचा धनी पोराला नावानं ओळखून शिव्या घाली आणि संध्याकाळच्या आत ती तक्रार मामाच्या कानावर असे. पोरगा एकटा होता, पण अनोळखी नव्हता.

सगळीच मोकळीक इतकी हवेशीर नव्हती. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराला जोडला गेला. अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, कारंजा इथे जिनं आणि प्रेस उभी राहिली. ब्रिटिश हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा 1881 चा. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी केली आणि त्यापुढच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. 1891 मध्ये वय नऊवर आणि तास सातवर आले. पण वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने कायद्याबाहेर होते. कापसाचा हंगाम संपला की ज्याचा पट्टा थांबतो, त्या जिनासाठी ही सोयीची पळवाट. हंगामी कारखाने 1911 च्या कायद्यात आले आणि 1922 मध्ये किमान वय बारा झालं. मुलावर ‘लक्ष ठेवणं’ सरकारचंही काम आहे, हे या प्रदेशात शाळेच्या आधी कारखान्याच्या निमित्ताने मान्य झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आईबापांनी ते काम केलं नाही, कारण आई त्याच जिनात सरकी-रुईच्या धुळीत उभी असे.

काही पोरं आपणहून सुटली. यावलीचा माणिक इंगळे, म्हणजे पुढचे तुकडोजी महाराज, शाळेत रमला नाही. वरखेडच्या आडकुजी महाराजांकडे आणि मग रामटेक, सालबर्डीच्या रानांकडे ओढला गेला. परतवाड्यात 1916 मध्ये जन्मलेले गो. नी. दांडेकर बारा-तेरा वर्षांचे असताना स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी घर सोडून निघाले आणि पुढे गाडगेबाबांच्या सहवासात आले. ‘स्मरणगाथा’ वाचताना आपण त्या धाडसावर लुब्ध होतो. आपल्याच घरातलं सातवीतलं पोरगं असं निघून गेलं तर रात्रीच पोलिस ठाणं गाठू, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. शिवाय जी पोरं निघाली आणि काहीच झाली नाहीत, त्यांची चरित्रं कुणी लिहिली नाहीत.

माझ्या मते वऱ्हाडाने या प्रश्नाला दिलेलं सर्वांत विचारी उत्तर वेगळंच आहे. पापळच्या पंजाबराव देशमुखांचं शिक्षण गावात पुरं होण्यासारखं नव्हतं. आधी चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल, असं एकेक पाऊल घरापासून लांब पडत गेलं. विलायतेहून 1926 मध्ये परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. सर्व जातींची मुलं एका छताखाली. त्यासाठी मुष्टिफंड होता : घराघरातून मूठभर धान्य. शेतकऱ्याचं पोर आईबापाच्या नजरेआड राहणार, पण ज्यांच्या मुठीतलं धान्य त्याच्या ताटात आहे, त्यांच्या नजरेत राहणार. गावातला तो वावराचा धनी इथे शहरात नव्या रूपाने उभा केलेला दिसतो.

मुलींचं काय? शेण वेचायला, पाण्याला, कापूस वेचायला मुलगी आईच्या मागोमाग जाई. कडेवर धाकटं भावंडं असे. तिचं भटकणं कामापुरतं आणि लग्नापुरतं. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं, यावरून आधीची मुदत किती तोकडी होती ते कळावं. वरच्या सगळ्या नावांत एकही मुलगी नाही. घर सोडून निघालेल्या मुलाला समाज जी माफी देई, ती निघालेल्या मुलीला मिळत नसे.

आज अकोला शिकवणी वर्गांचं शहर आहे. बुलडाणा, वाशीमकडून दहावी झालेली मुलं दरवर्षी जूनमध्ये गाद्या, बादल्या घेऊन उतरतात. मी त्यांना रोज पाहतो. पंधरा वर्षं ज्याला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही एकट्याने पाठवलं नाही, तो सोळाव्या वर्षी एका खोलीत, तीन अनोळखी मुलांबरोबर आणि मेसच्या डब्यावर राहू लागतो. ढोरकी पोराचं एकटेपण रोज थोडं थोडं वाढत गेलेलं होतं; याचं एका संध्याकाळी, वडिलांची गाडी वळली की सुरू होतं. वडिलांच्या फोनवर त्याचं लोकेशन दिसतं, फाटकावर कॅमेरा आहे. पण तो दोन दिवस जेवला नाही, हे ओळखून त्याला नावानं हाक मारणारं त्या गल्लीत कुणी आहे का, ही चौकशी खोली ठरवताना होत नाही. भाडं, वाय-फाय आणि वर्गापासूनचं अंतर, एवढंच विचारलं जातं. मुलीची खोली असेल तर आणखी एक प्रश्न : फाटक किती वाजता बंद होतं?