हायबरनेशनमधील ड्रायव्हर-क्रॅश (आभासी यंत्रे)

आभासी यंत्र, म्हणजे व्हीएम, हायबरनेट होताना किंवा पुन्हा जागे होताना एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर कोसळतो आणि त्याच्याबरोबर आतली सगळी ऑपरेटिंग सिस्टीम अडकते. विंडोजमध्ये अशा वेळी ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ अशी निळी स्क्रीन येते. लिनक्समध्ये कर्नल पॅनिक होतो, किंवा डिस्कला पाठवलेली विनंती उत्तराविना लटकून राहते. पहिला संशय रॅमवर किंवा स्वॅपवर जातो. खरे कारण बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या एका गृहीतकात असते : झोपण्यापूर्वी उपकरणाला जे सांगितले ते त्याच्या लक्षात आहे, असे तो धरून चालतो. हायबरनेशनमध्ये मेमरीची प्रतिमा डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होते. पुन्हा सुरू करताना क्यूएमूची (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामची) नवी प्रोसेस उभी राहते, लिनक्समध्ये आधी एक ताजा कर्नल बूट होतो, तो जुनी प्रतिमा वाचतो आणि ताबा तिच्याकडे देतो. प्रतिमेतल्या ड्रायव्हरला उपकरणाशी देवाणघेवाण करण्याच्या जुन्या रांगांचे पत्ते आणि आकडे तोंडपाठ असतात. उपकरणाला मात्र त्यातले काहीच माहीत नसते, उलट मधल्या कर्नलने त्याला आपले पत्ते दिलेले असू शकतात. मग उपकरण भलत्याच ठिकाणी लिहिते आणि मेमरी बिघडते.

म्हणून दुरुस्ती ड्रायव्हरमध्येच व्हायला हवी, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्यात झालेल्या कामात आहे. व्हर्टआयओ ही आभासी उपकरणांची पद्धत २००८ साली लिनक्स २.६.२४ मध्ये आली, पण तिच्या ड्रायव्हरांना हायबरनेशन झेपू लागले ते मार्च २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून. ते पॅच रेड हॅटचे पुण्यातील अभियंते अमित शहा यांचे. त्यांची रीत सरळ होती : ‘फ्रीझ’मध्ये काम थांबवायचे, उपकरण रीसेट करायचे आणि रांगा मोडून टाकायच्या, ‘रिस्टोर’मध्ये उपकरण पहिल्यांदाच दिसते आहे असे समजून पुन्हा ओळख करून घ्यायची, सुविधा ठरवायच्या आणि रांगा नव्याने बांधायच्या. याच मालिकेतला बलून ड्रायव्हर विशेष अभ्यासण्यासारखा आहे. हा ड्रायव्हर व्हीएमच्या मेमरीची मोकळी पाने होस्टला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मूळ यंत्राला, उसनी देतो. झोपण्यापूर्वी ती परत मागून लगेच सोडून देणे वाया जाईल, असा विचार करून पहिल्या आवृत्तीत पाने तशीच ठेवली आणि जागे झाल्यावर हिशेबाचे आकडे जुळवायचे ठरवले. पण आकडे नीट जुळले नाहीत. होस्टला दिलेली पाने जागे झाल्यावरही ‘वापरात’ दिसत राहिली, म्हणजे तेवढी मेमरी गळून गेली. त्याच वर्षी रीत बदलली : झोपण्यापूर्वी सगळी पाने परत घ्या, उठल्यावर पुन्हा द्या. वेळ थोडा जास्त जातो, पण हिशेब चुकत नाही. झोपेच्या आधीची कुठलीही उधारी उठल्यावर ग्राह्य धरता येत नाही, हे यातून पुरते स्पष्ट होते.

यावर पहिला आक्षेप असा की, होस्टवरूनच व्हीएमची स्थिती जतन करता येते, मग आतून झोपवायचेच कशाला? त्या पद्धतीत उपकरणाची स्थितीही जपली जाते हे खरे. पण जतन केलेली फाइल होस्टवर राहते आणि तिथल्या सॉफ्टवेअरशी जुळावी लागते. भाड्याच्या क्लाउडमध्ये ग्राहकाच्या हाती होस्ट नसतोच. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१८ मध्ये ईसीटू या आपल्या क्लाउड सेवेवर हायबरनेशन दिले तेही आतल्या सिस्टीमने मेमरी स्वतःच्या रूट डिस्कवर लिहिण्याचे, त्यामुळे तिथेही ड्रायव्हर चोख असावाच लागतो. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे : झोपण्याआधी ड्रायव्हरचे मॉड्यूल काढा आणि उठल्यावर घाला. नेटवर्क कार्डापुरते हे चालते आणि तातडीचा उपाय म्हणून करायलाही हरकत नाही. पण ज्या डिस्कवर प्रतिमा लिहायची तिचाच ड्रायव्हर काढणार कसा? तिथे ही युक्ती संपते.

दोष शोधताना हातची सोय म्हणजे लिनक्स कर्नलमधील ‘पीएम-टेस्ट’. त्यात ‘फ्रीझर’ निवडला की फक्त प्रोसेस गोठतात, ‘डिव्हायसेस’ निवडले की उपकरणेही थांबतात, आणि पाच सेकंदांनी सगळे परत येते. पहिली चाचणी पास आणि दुसरी नापास झाली, तर दोष ड्रायव्हरमध्ये हे जवळपास ठरते. मग एकेक मॉड्यूल काढून गुन्हेगार सापडतो. कन्सोल झोपू न देणारा बूट पर्याय देऊन सीरियल पोर्टचा लॉग होस्टवर घेतला, तर शेवटची ओळही हाती लागते. याला महागडे हार्डवेअर लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो, आणि क्रॅश हवा तितक्या वेळा पुन्हा घडवता येतो. कर्नल शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगला पहिला प्रश्न मिळणे कठीण. मात्र एकदा यशस्वी झोप झाली म्हणून दुरुस्ती पुरी झाली असे मानू नये. डिस्क आणि नेटवर्कवर भरपूर काम चालू असताना, बलून फुगवलेला असताना, आणि प्रतिमा तयार करणे फसून यंत्र परत जागे होते त्या ‘थॉ’च्या वाटेनेही ड्रायव्हर तपासावा.