प्रवाळखडकांचे मोल व तापणारा समुद्र

हवामानबदलामुळे होणाऱ्या जैवविविधतेच्या हानीचा आर्थिक हिशेब कसा मांडतात, हे स्पष्ट व्हावे म्हणून ऑस्ट्रेलियातील ‘ग्रेट बॅरिअर रीफ’चे उदाहरण आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली ही प्रवाळखडकांची रांग १९८१ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

प्रवाळ हे चिमुकले प्राणी होत. त्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्यांना रंग व बहुतेक अन्न पुरविते. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून सुमारे एक अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतात व पांढरे पडतात. यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर ते सावरतात. अन्यथा उपासमारीने मरतात. १९९८ ते २०२४ या काळात येथे सात वेळा व्यापक विरंजन झाले. त्यांपैकी पाच वेळा २०१६ पासूनच्या नऊ वर्षांत. सावरण्यास लागणारा अवधीच आता उरत नाही.

डेलॉइट संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार, २०१५-१६ या वर्षी या रांगेमुळे ऑस्ट्रेलियाच्या अर्थव्यवस्थेत ६.४ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची भर पडली व ६४,००० लोकांना रोजगार मिळाला. तिचे एकूण मोल ५६ अब्ज डॉलर ठरविण्यात आले. त्यात मोठा वाटा पर्यटनाचा आहे. तेथील मूळ रहिवासी समाजांचे या समुद्राशी असलेले नाते मात्र त्या रकमेत धरलेले नाही.

हिशेबाची मर्यादा येथेच दिसते. प्रवाळखडक लाटांची सरासरी ९७ टक्के शक्ती शोषून घेतात, असे २०१४ च्या एका अभ्यासात आढळले. आपल्या लक्षद्वीपची बेटे प्रवाळांचीच बनलेली असून तेथेही १९९८, २०१० व २०१६ साली विरंजन झाले. खडक झिजला तर किनाऱ्याला बंधारा घालावा लागतो. त्याचा खर्च जमाखर्चात दिसतो. परंतु मासळी कमी झाल्याने मच्छीमाराच्या घरी जे उणे पडते, त्याची नोंद क्वचितच होते.

तापमानवाढ १.५ अंशांवर रोखली तरी ७० ते ९० टक्के प्रवाळ घटतील आणि ती २ अंशांवर गेल्यास ९९ टक्क्यांहून अधिक नष्ट होतील, असा इशारा आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने २०१८ साली दिला. अर्ध्या अंशाच्या या फरकात जे वाचेल, ते मागाहून कोणत्याही रकमेने विकत घेता येणार नाही. म्हणूनच भरपाईपेक्षा प्रतिबंध स्वस्त, असे आम्हांस वाटते.