एप्रिलचा हिशेब : मिलवॉकी १९८७, बाल्टिमोर १९८८

धागा. अमेरिकी बेसबॉलच्या इतिहासातील दोन एप्रिल महिने, एकमेकांपासून बरोबर एका वर्षाच्या अंतरावर. पहिल्यात एका शहराचे चाहते ऑक्टोबरमधील विजेतेपदाची स्वप्ने रंगवीत होते. दुसऱ्यात दुसऱ्या शहराचे चाहते आपला संघ एक तरी सामना जिंकेल का, याची वाट पाहत होते. दोघांच्याही हाती हंगामाची पहिली काही पाने होती आणि दोघेही त्यावरून संपूर्ण ग्रंथाचा निकाल लावू पाहत होते.

आधी या खेळाचे गणित ध्यानात घ्यावे लागते. बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. त्या काळी एप्रिलच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत, जवळजवळ रोज. आयपीएलच्या साखळीत एका संघाच्या वाट्याला १४ सामने येतात. तेवढे सामने बेसबॉलचा संघ पहिल्या अडीच आठवड्यांतच उरकतो. उत्तम संघही वर्षाकाठी साठेक सामने हरतात आणि अगदी सुमार संघही पन्नास-साठ सामने जिंकतात. म्हणजे पहिले २० सामने झाले तरी हंगामाचा जेमतेम आठवा हिस्सा संपलेला असतो.

तरीही चाहता एप्रिलमध्येच निकाल लावतो, आणि त्याला तसे कारणही आहे. पाच-सहा महिन्यांचा हिवाळा त्याने नुसत्या तर्कांवर काढलेला असतो. शिवाय गुणतक्ता शून्यापासून सुरू झालेला असल्यामुळे पहिल्या आठवड्यातील प्रत्येक निकाल त्या तक्त्याला गदागदा हलवतो. ऑगस्टमधील पराभवाने विजयाची टक्केवारी केसभर सरकते, एप्रिलमधील पराभवाने कोसळते.

आता १९८७ चे मिलवॉकी. विस्कॉन्सिन राज्यातील हे मद्यनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेले शहर. संघाचे नावही त्यावरूनच, ब्रूअर्स. आदल्या वर्षी हा संघ ७७ विजय आणि ८४ पराभव अशा स्थितीत रखडला होता. मॅनेजर टॉम ट्रेबलहॉर्न यांचा तो पहिलाच पूर्ण हंगाम. अपेक्षा फारशा नव्हत्या. संघाने घरच्या मैदानावर आदल्या वर्षीच्या अमेरिकन लीग विजेत्या बोस्टन रेड सॉक्सला तिन्ही सामन्यांत हरवले. मग टेक्सासला त्यांच्या मैदानावर तीनदा. मग बाल्टिमोरला, पुन्हा तीनदा.

बाल्टिमोरमधील त्या मालिकेत, १५ एप्रिल रोजी, २२ वर्षांच्या हुआन निएवेस या पिचरने ‘नो-हिटर’ साधला, म्हणजे संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिली नाही. ब्रूअर्सच्या इतिहासातील तो पहिलाच नो-हिटर. बाल्टिमोरच्या एडी मरीने मारलेला शेवटचा चेंडू सेंटर फील्डमध्ये रॉबिन यौंटने सूर मारून झेलला. एडी मरी हे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

१९ एप्रिल, ईस्टरचा रविवार. बारावा सामना, पुन्हा टेक्सासशी, या वेळी मिलवॉकीत. नवव्या डावाला सुरुवात झाली तेव्हा ब्रूअर्स १-४ ने मागे होते. रॉब डियरने तीन धावांचा होम रन मारून बरोबरी साधली आणि पाठोपाठ डेल स्वेमने दोन धावांचा होम रन मारून सामना ६-४ असा संपवला. मिलवॉकीत आजही त्या सामन्याचा उल्लेख केवळ ‘ईस्टर संडे’ एवढ्या दोन शब्दांनी होतो.

या बाराव्या विजयामागे एक खमंग उपकथा आहे. जॉर्ज वेब या स्थानिक उपाहारगृहांच्या साखळीने अनेक दशकांपासून एक वचन भिंतीवर टांगून ठेवले होते : शहराच्या संघाने सलग १२ सामने जिंकले, तर बर्गर फुकट. वर्षानुवर्षे ते वचन निर्धोक होते. १९८७ च्या त्या वसंतात साखळीला १,६८,१९४ बर्गर वाटावे लागले. एप्रिलवर कोणी मोठा डाव लावू नये, हा धडा मिलवॉकीत सर्वप्रथम या उपाहारगृहाच्या मुदपाकखान्याला मिळाला असावा.

दुसऱ्या दिवशी तेरावा विजय मिळाला. हंगामाच्या आरंभी सलग १३ विजय हा विक्रम १९८२ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने केला होता. त्याची बरोबरी झाली. २१ एप्रिल रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये व्हाइट सॉक्सने ही मालिका ७-१ अशी तोडली. मैदानाचे हे नावही लक्षात असू द्यावे.

पुढे काय झाले? ब्रूअर्स २०-३ पर्यंत पोहोचले आणि मग त्याच मे महिन्यात सलग १२ सामने हरले. हंगाम संपला तेव्हा ९१ विजय, ७१ पराभव आणि विभागात तिसरे स्थान. त्या काळी विभागातील केवळ पहिला संघ पुढे जात असे. त्यामुळे ९१ विजयांना कवडीचीही किंमत उरली नाही. (त्याच वर्षी दुसऱ्या विभागातील मिनेसोटा ट्विन्स ८५ विजयांवर पुढे गेले आणि वर्ल्ड सिरीज जिंकले. खेळाच्या न्यायाला विभागांच्या सीमारेषाही कारणीभूत असतात.)

आणि मिलवॉकीच्या विभागात पहिला कोण आला? डेट्रॉइट टायगर्स. ज्या दिवसांत मिलवॉकीत बर्गर वाटले जात होते, त्याच दिवसांत डेट्रॉइटचे चाहते कपाळावर हात मारून बसले होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा संघ ११-१९ असा होता. त्यानंतरच्या १३२ सामन्यांपैकी त्यांनी ८७ जिंकले आणि एकूण ९८ विजयांसह विभाग जिंकला. एकाच तक्त्यातील दोन संघ, आणि दोन्हींविषयीचा मेपर्यंतचा निष्कर्ष सपशेल चुकलेला.

थोडे गणित येथे उपयोगी पडते. ब्रूअर्सने वर्षभरात जितक्या प्रमाणात सामने जिंकले, त्या ताकदीच्या संघाने एखादे विशिष्ट १३ सामने ओळीने जिंकण्याची शक्यता साधारण १,८०० त एक एवढी भरते. पहिले १३ वगळले तर उरलेल्या हंगामात त्यांची कामगिरी ७८-७१ होती. बरा संघ, यापलीकडे काही नाही. चाहत्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते. मात्र ज्याला ते संघाचा स्वभाव समजले, त्यात नशिबाचा वाटा बराच मोठा होता.

आता एक वर्ष पुढे. ४ एप्रिल १९८८, बाल्टिमोरचे मेमोरियल स्टेडियम. हंगामाचा पहिला दिवस, ५० हजारांहून अधिक प्रेक्षक, प्रतिस्पर्धी तेच मिलवॉकी. बाल्टिमोर ओरिओल्स ०-१२ ने हरले.

ओरिओल्सचे मॅनेजर होते कॅल रिपकेन सीनियर. १९५७ पासून याच संस्थेत; आधी खेळाडू, मग दुय्यम संघांचे मॅनेजर, मग कोच. तीन दशके नवोदितांना घडवल्यानंतर १९८७ मध्ये त्यांना मुख्य संघ मिळाला. त्यांचे दोन पुत्र, कॅल ज्युनियर आणि बिली, त्याच संघात खेळत. दोन मुलांचा एकाच वेळी मॅनेजर असलेला मेजर लीगमधील हा पहिला पिता. १९८८ च्या पहिल्या सहा पराभवांनंतर, १२ एप्रिल रोजी त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

सहा सामने, म्हणजे हंगामाचा चार टक्क्यांहूनही कमी भाग. आदल्या वर्षीचे ९५ पराभव त्यांच्या खाती होते हे मान्य. पण तो हिशेब ऑक्टोबरमध्ये करता आला असता. एप्रिलची घाई केवळ चाहत्यांनाच होते असे नाही. बिलीने आपला क्रमांक बदलून वडिलांचा ७ हा क्रमांक पाठीवर घेतला.

नवे मॅनेजर फ्रँक रॉबिन्सन हे १९६६ मध्ये याच संघाला पहिले विजेतेपद मिळवून देणारे थोर खेळाडू आणि १९७५ मध्ये क्लीव्हलँड येथे मेजर लीगचे पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर झालेले ऐतिहासिक व्यक्तिमत्त्व. त्यांच्या हाताखाली संघ आणखी १५ सामने हरला. दोष मॅनेजरचा नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

हंगामाच्या आरंभी सलग पराभवांचा जुना विक्रम १३ चा होता. तो मागे पडला. अमेरिकन लीगमधील सलग २० पराभवांचा विक्रमही मागे पडला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी रॉबिन्सन यांना धीर देण्यासाठी दूरध्वनी केला. ९८ रॉक या स्थानिक रेडिओ केंद्राचे निवेदक बॉब रिव्हर्स यांनी संघ जिंकेपर्यंत प्रसारण सोडणार नाही असा पण केला. त्यांना वाटले असावे दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. ते २५८ तास माइकसमोर राहिले. गाणे लावायचे, तेवढ्यात डुलकी घ्यायची, पुन्हा उठायचे. देशभर बाल्टिमोरची चेष्टा होत होती, पण शहरात त्या चेष्टेतून हळूहळू एक विलक्षण जवळीक तयार होत होती.

२१ सामन्यांत ओरिओल्सने ४४ धावा केल्या आणि १२९ दिल्या. संघ दुबळा होता, यात वाद नाही. तरीही पूर्ण वर्षात त्यांनी जितक्या प्रमाणात सामने गमावले, त्या प्रमाणानेही २१ सामने ओळीने हरण्याची शक्यता साधारण ५,००० त एक एवढीच येते. दुबळेपणाच्या जोडीला दुर्दैवही भरपूर होते.

२९ एप्रिल. शिकागो, कोमिस्की पार्क. ज्या मैदानावर मिलवॉकीची विजयमालिका तुटली होती, तेच मैदान. ओरिओल्सचे जनरल मॅनेजर रोलंड हेमंड पूर्वी शिकागोच्या संघात होते; १९८३ मध्ये त्या संघाने विभाग जिंकला तेव्हा शॅम्पेनने भिजलेला त्यांचा सूट तेथील प्रदर्शनात ठेवलेला होता. शुभशकुन म्हणून तोच सूट त्यांनी मागून घेतला आणि अंगावर चढवला. पहिल्याच डावात एडी मरीने होम रन मारला. सामना ९-० असा जिंकला. १-२१. बॉब रिव्हर्स झोपायला गेले.

येथवरची कथा गमतीची वाटते. पण बाल्टिमोरच्या चाहत्यांसमोरचा खरा प्रश्न गुणतक्त्यात नव्हता. तो समजण्यासाठी चार वर्षे मागे जावे लागते. २८ मार्च १९८४ च्या रात्री, हिमवर्षावात, शहराचा फुटबॉल संघ कोल्ट्स मालवाहू ट्रकांत आपले सारे सामान भरून इंडियानापोलिसला निघून गेला. सकाळी शहर जागे झाले तेव्हा तीन दशकांचा संघ उरला नव्हता. त्या वेळी महापौर होते विल्यम डोनाल्ड शेफर. १९८७ पासून ते मेरीलँडचे गव्हर्नर होते.

ओरिओल्सचे मालक एडवर्ड बेनेट विल्यम्स हे वॉशिंग्टनचे नामांकित वकील. वॉशिंग्टन जेमतेम ६० किलोमीटरवर, आणि १९७१ नंतर त्या राजधानीला स्वतःचा बेसबॉल संघ नव्हता. मालक संघ तिकडे नेणार, ही भीती बाल्टिमोरमध्ये वर्षानुवर्षे मुरलेली होती. अशा स्थितीत रिकामे स्टेडियम म्हणजे मालकाच्या हाती आयते कारण. प्रत्येक पराभवागणिक केवळ एक सामना जात नव्हता. शहरातून आणखी एक संघ जाण्याची शक्यता वाढते आहे, असे लोकांना वाटत होते.

शिकागोहून संघ १-२३ अशा अवस्थेत परतला. २ मे रोजी घरच्या मैदानावर ‘फॅन्टास्टिक फॅन्स नाइट’ ठेवण्यात आली होती. सोमवारची रात्र, आणि इतिहासातील सर्वांत वाईट आरंभ केलेला संघ. प्रेक्षक आले ५०,४०२.

त्याच रात्री मैदानावरून जाहीर झाले की संघ आणि राज्य यांच्यात नव्या स्टेडियमसाठी दीर्घ मुदतीचा करार झाला आहे. ओरिओल्स बाल्टिमोरमध्येच राहणार होते. लोकप्रिय कथनात गर्दी आणि करार यांचा कार्यकारणसंबंध सहज जोडला जातो. तो तसा सरळ नाही. नव्या स्टेडियमला विधिमंडळाने १९८७ मध्येच मान्यता दिली होती आणि वाटाघाटी कितीतरी आधीपासून चालू होत्या. त्या रात्री आलेल्या लोकांना घरून निघताना करार झाल्याचे ठाऊक होते असेही मानता येत नाही. ते १-२३ पाहूनच आले होते. विल्यम्स तेव्हा कर्करोगाने खंगलेले होते. १३ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले.

त्या रात्रीचा प्रतिस्पर्धी होता टेक्सास रेंजर्स, म्हणजे १९७१ च्या अखेरीस वॉशिंग्टनला पोरके करून गेलेला संघच. आणि स्वतः ओरिओल्स १९५४ मध्ये सेंट लुईसहून उठून आले होते, हेही विसरून चालणार नाही. सामना ओरिओल्सने ९-४ असा जिंकला.

१९८८ चा हंगाम ५४-१०७ असा संपला. १९८९ मध्ये जवळपास त्याच शहरात, बऱ्याच नव्या चेहऱ्यांसह, ओरिओल्सने ८७ सामने जिंकले. विभागाचे विजेतेपद अखेरच्या तीन दिवसांत टोरोंटोमध्ये निसटले. त्या वर्षी कॅल रिपकेन सीनियर संघात परतले होते, तिसऱ्या बेसचे कोच म्हणून.

नवे स्टेडियम, कॅमडेन यार्ड्स, ६ एप्रिल १९९२ रोजी उघडले. ओरिओल्सने क्लीव्हलँडला २-० असे हरवले. दुसरी धाव बिली रिपकेनच्या बंटवर आली : त्याने चेंडू हलकेच अडवून खाली टाकला आणि तिसऱ्या बेसवरचा धावपटू घराकडे धावला. त्या बेसशेजारी, कोचच्या चौकटीत, त्याचे वडील उभे होते.