घोडीची घोंगडी

मेंढरांमागं आमचं बिऱ्हाड फिरायचं ते घोडीच्या पाठीवर. घोडी बारा महिने उघड्यावरच. पौषातल्या थंडीत आजा तिच्यावर घोंगडी टाकायचा, तीही पारखून घेतलेली. दख्खनी मेंढीची काळी लोकर, खड्ड्यातल्या मागावरची घट्ट वीण, वर चिंचोक्याची खळ. पाणी शिंपडलं की थेंब ओघळून गेले पाहिजेत, तर माल खरा.

एका साली वडिलांनी स्वस्त म्हणून गिरणीचं ब्लँकेट आणलं. रात्री अवकाळी आला. ब्लँकेट भिजून अंगाला चिकटलं, घोडी थरथरू लागली. आजानं तिला कोरडं पुसलं अन् स्वतःच्या अंगावरची घोंगडी पांघरली. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. घोडी वाचली, आजा महिनाभर खोकत राहिला.

त्यानंतर बाजारात घोंगडी घेताना वडील आधी तांब्याभर पाणी मागायचे.