वही कोणाची? : कर्नलमधल्या पर-सीपीयू चलांचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण लिनक्सचं 'बिग कर्नल लॉक' पाहिलं. 1996 साली 2.0 आवृत्तीत एकापेक्षा जास्त प्रोसेसर चालू लागले, पण आत शिरायला कुलूप एकच. आज उलट्या बाजूची गोष्ट. कुलूप लागूच नये म्हणून काय केलं गेलं, आणि तो कोड तपासणाऱ्यांना त्यात काय शोधावं लागलं?

समजा, नेटवर्कवरून आलेली पॅकेट्स मोजायची आहेत. सगळ्या प्रोसेसरांनी एकच आकडा वाढवायचा म्हटलं, तर तो आकडा असलेली कॅश-लाइन सतत इकडून तिकडे ओढली जाते. बँकेत दहा खिडक्या आणि नोंदवही एकच, तसा प्रकार. मग प्रत्येक खिडकीला आपली वही द्यायची आणि बेरीज लागेल तेव्हा करायची. आधी यासाठी साधा ॲरे असे. प्रोसेसरचा क्रमांक घालायचा, आपला रकाना काढायचा. पण कॅश-लाइन बहुधा 64 बाइटची. त्यात चार बाइटचे सोळा आकडे शेजारीशेजारी बसतात. म्हणजे वह्या वेगळ्या, पण एकाच दोऱ्यात बांधलेल्या! 2002 च्या सुमारास, 2.5 मालिकेत, रस्टी रसेल यांनी पर-सीपीयू चलांची सोय आणली आणि प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याची जागा मेमरीत वेगळी झाली.

त्याच मालिकेत रॉबर्ट लव्ह यांचं प्रीएम्प्शनचं काम आलं. कर्नलच्या आत चाललेलं कामही आता मध्येच थांबवता येऊ लागलं. इथे खरी मेख आहे. आकडा एकने वाढवणं आपल्याला एकच क्रिया वाटते, पण त्यात वाचणं, मिळवणं आणि लिहिणं अशा तीन पायऱ्या असू शकतात. पहिल्या खिडकीच्या वहीतला आकडा वाचला, तेवढ्यात कारकुनाला उठवून तिसऱ्या खिडकीवर बसवलं, आणि त्याने तिथून पहिल्याच वहीत जुन्या हिशेबाचा आकडा लिहिला. दरम्यान पहिल्या खिडकीवर आलेल्या माणसाची नोंद पुसली गेली. यंत्र बंद पडत नाही, कंपायलर तक्रार करत नाही. हिशेब तेवढा चुकतो, तोही क्वचित.

म्हणून दोन रूपं होती. 'गेट-सीपीयू-व्हार' हे प्रीएम्प्शन थांबवून वही हातात देई. त्याच नावाआधी दोन अंडरस्कोअर असले, की अर्थ व्हायचा: संरक्षण तुमचं तुम्ही बघा. हे दुसरं रूप फार सोयीचं होतं, आणि आम्हांला वाटतं तिथेच ते घातक होतं. त्या एकाच शब्दाने वाचता यायचं, लिहिता यायचं, पत्ताही काढता यायचा. ओळ बघून लिहिणाऱ्याच्या मनात यातलं काय होतं, ते सहज कळत नसे.

2009 साली तेजुन हिओ यांनी पर-सीपीयू जागावाटप नव्याने बांधलं. त्या पायावर क्रिस्टोफ लॅमीटर यांच्या 'धिस-सीपीयू' क्रिया 2010 च्या आरंभी, 2.6.33 मध्ये आल्या. 64 बिटच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर जीएस नावाच्या रजिस्टरमध्ये त्या प्रोसेसरच्या विभागाचा आधार-पत्ता असतो, त्यामुळे 'माझ्या वहीत एक वाढव' हे एकाच सूचनेत होतं. सूचनेच्या अधेमध्ये कोणी उठवू शकत नाही. आधी उठवलं तर नोंद दुसऱ्या वहीत जाईल, पण एकूण बेरीज बरोबरच राहील! जिथे अशी सूचना नाही, तिथे इंटरप्ट क्षणभर थांबवून तेच साधतात.

मग जुन्या शब्दाची हकालपट्टी सुरू झाली. 2013-14 मध्ये टायमर, इंटरप्ट, पॉवरपीसी, एस-390 अशा विभागांत शेकडो ठिकाणं बदलावी लागली. वरवर पाहता हे शोधा-आणि-बदला छापाचं काम. पण तपासणाऱ्याला प्रत्येक ओळीपाशी थांबावं लागे: इथे पत्ता हवा आहे की किंमत? आणि प्रीएम्प्शन आधीच कोणी थांबवलंय का, ते या ओळीत नाही, चार फंक्शन वर लिहिलेलं असायचं. नव्या क्रियांचीही तीन रूपं होती. साधं रूप स्वतःची काळजी घेतं. दोन अंडरस्कोअरवालं तुमच्या शब्दावर विसंबतं. 'रॉ' म्हणजे तपासूही नका. 2014 साली 3.15 मध्ये दुसऱ्या रूपाला तपासणी जोडली गेली. डीबग पर्याय चालू असेल तर शब्द मोडणाऱ्याचं नाव-गाव लॉगमध्ये येऊ लागलं. आता इशारा आला, की 'रॉ' लावून तो गप्प करण्याचा मोह होतोच. काही ठिकाणी ते रास्तही असतं, जसं की थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल असा अंदाजी आकडा. पण 'रॉ' दिसला की कारण विचारायचं, हे तपासणाऱ्याच्या अंगवळणी पडावं लागलं.

रिअल-टाइम कर्नलने यात आणखी पेच आणला. तिथे बहुतेक स्पिनलॉक झोपू शकतात, त्यामुळे प्रीएम्प्शन थांबवून असं कुलूप मागणारा जुना कोड चालेना. शिवाय 'प्रीएम्प्शन थांबवा' एवढ्या ओळीतून कशाचं रक्षण चाललंय, हे कधीच कळत नव्हतं. 2020 साली 5.8 मध्ये 'लोकल लॉक' आलं. साध्या कर्नलवर ते आतून तेच जुनं काम करतं, रिअल-टाइमवर प्रत्येक प्रोसेसरचं खरं कुलूप होतं, आणि दोन्हीकडे त्याला नाव असतं. रिअल-टाइमचा आधार मुख्य कर्नलमध्ये 2024 साली, 6.12 मध्ये आला. तोवर अशा कितीतरी निनावी ओळींना नावं द्यावी लागली होती.