घासायचं की माखायचं?

मागच्या रविवारी मी आमच्या गाडीच्या बॉनेटवर वाटीएवढा डाग कायमचा करून ठेवला. म्हणजे पाडला पाखरांनी, कायमचा केला मी. तोयोसु तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं, त्यामुळे समुद्रपक्ष्यांची कृपा भरपूर. वाळलेली शीट निघेना, म्हणून रबिंग कंपाउंड घेऊन हात दुखेपर्यंत घासलं. शीट गेली आणि तिच्यासोबत रंगावरचा पारदर्शक थरही गेला. गडद निळ्या बॉनेटवर आता मधोमध एक अंधूक चकती आहे. रंगकाम करणाऱ्याला दाखवली, तर त्याने दातांमधून हवा आत ओढली. जपानी माणसाने असं केलं की समजावं, काम अवघड आहे आणि महागही :)

हे घासणं मी बाबांकडून शिकलो. पुण्यात आमची प्रीमिअर पद्मिनी होती. खंडेनवमीच्या आधी बाबा पॉलिशचा डबा काढायचे आणि आम्ही दोघं दुपारभर घासायचो. फडकं गाडीच्याच रंगाचं होऊन जायचं. "बघ किती मळ निघाला!" बाबा म्हणायचे. मग झेंडूची माळ, हळदकुंकू आणि आरशासारखी गाडी.

तो मळ नव्हता. तो रंगच होता. हे मला कळायला इतकी वर्षं आणि एक बॉनेट लागलं.

मुळात ही सवय आली कुठून? सुरुवातीच्या मोटारी बग्ग्यांसारख्याच रंगवल्या जात. हाताने रंगाचे आणि वार्निशचे थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. मग ड्युपाँट कंपनीने ड्युको नावाचं नायट्रोसेल्युलोज लॅकर आणलं आणि जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर ते वापरलं. आठवड्यांचं काम तासांवर आलं. पण हा रंग उन्हापावसात निस्तेज पडायचा. तेव्हा वरचा मेलेला थर घासून काढायचा, खालचा ताजा रंग उघडा करायचा आणि त्यावर मेण माखायचं, ही पद्धत रूढ झाली. म्हणजे कामं दोन. पॉलिश काहीतरी काढून घेतं, मेण काहीतरी चढवतं. आपण मात्र दोन्हीला पॉलिशच म्हणतो, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

मेणाची गोष्ट तर आणखी मजेची. सगळ्यात नावाजलेलं मेण कार्नौबा, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवरचं. कोरड्या हवेत पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड स्वतःच पानांवर ते धरतं. पानं वाळवून झोडपली की ते पडतं. मधमाश्यांचं मेण ६०-६५ अंश सेल्सियसला वितळतं, हे ८० च्याही वर, म्हणून उन्हात तापलेल्या पत्र्यावर टिकून राहतं. जॉन्सन वॅक्सचे मालक हर्बर्ट जॉन्सन १९३५ साली स्वतः विमान घेऊन या झाडांच्या शोधात ब्राझीलला गेले होते!

१९८० च्या दशकात मात्र खेळच बदलला. रंगावर वेगळा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, सर्रास येऊ लागला. ऊन-पाऊस तोच सोसतो. पण त्याची जाडी साधारण ४०-५० मायक्रॉन, केसाहूनही कमी. शिवाय घासताना फडक्यावर रंग येत नाही, त्यामुळे काय गेलं ते कळत नाही. घासून न काढता वर चिकटलेले कण उचलणारी चिकणमाती, म्हणजे क्ले, ही जपानी माणसाचीच कल्पना. तादाओ कोदाते यांना तिचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये मिळालं. इथल्या दुकानात मेणाच्या डब्यांवर पांढऱ्या, फिक्या, गडद गाड्यांसाठी असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. ते वाचलं असतं तर ही वेळ आली नसती. असो.

गंमत म्हणजे आमच्या घराजवळ जिथे आज लालापोर्ट मॉल आहे (२००६ पासून), तिथे २००२ पर्यंत इशिकावाजिमा कंपनीचा जहाज कारखाना होता. याच कंपनीने १९२२ साली ब्रिटिश वूल्झलीच्या परवान्यावर मोटार बनवली. तिच्या मोटार विभागातूनच पुढे इसुझु झाली. जहाज गोदीत घेऊन खरवडतात आणि पुन्हा रंगवतात. तिथे पोलाद जाड आणि रंग बादल्यांनी. मोटारीला ते परवडत नाही.

रात्री बाबांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या गाडीच्या कडांना प्रायमर दिसायला लागला होता, तो मीच काढला होता होय? मी आपला पुण्याच्या उन्हाला दोष देत होतो."

मी म्हटलं, "बाबा, त्या रंगाला घासावंच लागायचं. फक्त दरवर्षी एवढं नाही."

"आणि चमकायची किती!" ते म्हणाले.

खरंच चमकायची. यंदा खंडेनवमीला मी नुसती धुऊन, क्ले फिरवून, मेण माखणार आहे. चकती तशीच राहील. झेंडूचं फूल तिच्यावरच ठेवावं म्हणतो.