‘मुद्रा’ : कायदा, गायन आणि मुद्रण

‘मुद्रा’ हा शब्द नाण्यापासून चेहऱ्यावरील भावापर्यंत अनेक अर्थांनी मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. परंतु कायदा, गायन आणि ग्रंथप्रकाशन या तीन क्षेत्रांतील त्याचे अर्थ एकत्र पाहावयाचे झाल्यास म्हैसूर नगरीचा इतिहास विशेष उपयोगी पडतो.

१८९१ मध्ये स्थापन झालेल्या येथील प्राच्य ग्रंथालयाला तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने कौटिलीय अर्थशास्त्राचे ताडपत्रावरील हस्तलिखित दिले. आर. शामशास्त्री यांनी १९०५ मध्ये त्याचे महत्त्व ओळखले आणि १९०९ मध्ये मूळ संहिता मुद्रित केली. या ग्रंथातील मुद्राध्यक्ष एक माषक घेऊन प्रवासाची मुद्रा, म्हणजे परवाना, देतो. मुद्रेवाचून आढळणाऱ्या जानपदास १२ पण दंड आहे. खोटी मुद्रा बाळगणाऱ्यास त्याहून कठोर शिक्षा आहे. येथे मुद्रा ही राज्यसत्तेने दिलेली हमी होय.

गायनात मुद्रा म्हणजे रचनेत गुंफलेली कर्त्याची नाममुद्रा. म्हैसूर वासुदेवाचार्यांच्या (१८६५–१९६१) कृतींतील ‘वासुदेव’ हे कर्त्याचे नाव आहे, तसेच देवाचेही. १९४० मध्ये गादीवर आलेल्या जयचामराज वाडियार यांच्या आज्ञेमागे राजमुद्रेचे बळ होते. तथापि आपल्या ९४ कृतींत त्यांनी स्वतःचे नाव न घालता ‘श्रीविद्या’ ही मुद्रा योजिली. पुरंदरदासांच्या पदांत ‘पुरंदरविठ्ठल’ हे उपास्याचे नाव येते, तर तुकोबांच्या अभंगात त्यांचे स्वतःचे. दोहोंकडे मुद्रा अधिकार गाजवीत नाही. ती शरणागतीची खूण आहे. म्हणूनच ती सहज उसनीही घेता येते. तुकोबांच्या नावावर इतरांनी अभंग रचले, त्यांना कोणता मुद्राध्यक्ष अडविणार?

हा भार पुढे मुद्रणावर आला. १८६९ ते १८७३ या काळात मुंबईत निघालेल्या तुकारामगाथेच्या सरकारी आवृत्तीत संपादकांनी हस्तलिखिते ताडून पाठ निश्चित केले. मात्र छापल्याने पाठ स्थिर होतो, आपोआप खरा ठरत नाही. त्याची हमी संपादकाच्या विवेकात असते.

अर्थशास्त्राच्या मुद्रित प्रतीमुळे शामशास्त्रींचे नाव जगभर झाले. हस्तलिखित आणणारा मात्र ‘तंजावर जिल्ह्यातील पंडित’ एवढ्याच ओळखीने उरला. ज्या ग्रंथात मुद्रेवाचून प्रवास दंडनीय आहे, तो ग्रंथ वाचकांपर्यंत आणणारा हा पहिला वाटसरू स्वतः ‘अमुद्र’च राहिला. साहित्येतिहासाने त्याचे ऋण निनावी का होईना, नोंदवावयास हवे.